हाकेची जागा

कुमुदताईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा अख्खा आवाज, गेलेल्या माणसांचे बोलते आवाज जपणाऱ्या स्वरकोठीतल्या खोलीभर यंत्रात होता. त्यांचे यजमान निळकंठराव यांना तो फिरायला बरोबर हवा होता, म्हणून तिथल्या ऋजुताने तो आटवून वाटाण्याएवढ्या डबीत भरला. एका माणसाची एकच प्रत ठेवायची, या नियमाने मूळ आवाज पुसला गेला.

"कुमुद, तळ्यावर जाऊ या?" कानात डबी बसवताच त्यांनी विचारलं.

"चला की. मफलर घेतलात का निळकंठ?"

आवाज तिचाच होता, तरी त्यांचा चेहरा उतरला.

"नावाने हाक? बेचाळीस वर्षांत कधी नाही मारली हो तिने. ती 'अहो' म्हणते."

ऋजुताने यंत्राचा पडदा पाहिला आणि ओशाळली. "काका, आवाज आटवताना यंत्राला 'अहो' बिनअर्थाचा वाटला. सगळीकडे गाळून त्याने नाव घातलंय. आता परत नाही आणता येणार. पण शिकवलंत तर शिकतील त्या."

निळकंठरावांनी डबी कानात नीट बसवली. "कुमुद, म्हण बघू, अहो."

"अहो," ती आज्ञाधारकपणे म्हणाली. "बरोबर म्हटलं का, निळकंठ?"