दुपारचा खेळ

फौजेतून परतलेला संघपाल रोज दुपारी इस्तरीचा शर्ट घालून देवणीहून उदगीरला जाऊ लागला, तशी महामायाच्या मनात पाल चुकचुकली. विचारलं की म्हणायचा, "बँकेत काम हाय." खिशात मात्र तिकिटं सापडली, सगळी एकाच सिनेमाची: लढाईवरून आलेल्या, माथं भडकलेल्या फौजीच्या गोष्टीचा चौथा भाग. टीव्हीवर गोळी सुटली तरी उठून जाणारा नवरा हे कुणासोबत बघतो? शेवटी ती गुपचूप मागोमाग गेली, थिएटरात त्याच्या मागच्या रांगेत बसली. शेजारच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. पडद्यावर पूल उडाला आणि संघपाल कान दाबून खुर्चीखाली सरकला. ती धावली. "अहो, काय करून राहिलाव?" खालूनच तो म्हणाला, "पोरीच्या लग्नात फटाके वाजतील. समद्यांसमोर असं न्हाई पडायचं. सवय करून राहिलो." महामाया शेजारी बसली. पुढच्या धमाक्याला त्याने कानांऐवजी तिचा हात धरला.