दाराशी लावलेला फोटो

कुपोषित मुलांसाठी देणग्या मिळाव्यात म्हणून धुळ्यातल्या एका संस्थेनं थाटाचं जेवण ठेवलं होतं. आठवडाभर जीप मांडव-किराण्यालाच जुंपलेली, त्यामुळे सातपुड्यातल्या पाड्यांवर डॉक्टर गेलेच नव्हते.

संस्थेत नुकतीच काम शिकायला आलेली नलिनी दाराशी आली नि ओरडलीच. तिनं स्टुडिओतून मोठा करून आणलेल्या, पाड्यावरच्या कुपोषित दिवल्याच्या फोटोला मांडववाल्या वनाभाऊंनी झेंडूचा हार घातला होता.

"अहो, पोरगं जिवंत आहे! काढा आधी तो."

"एवढा मोठा फोटू शे ताई, मला वाटलं..." वनाभाऊंनी ओशाळून हार खुर्चीवर ठेवला.

पाहुण्यांपुढे उभं करायला दिवल्याला आणि त्याच्या आईला जीप घेऊन येणार होती. संध्याकाळी जीपमधून त्याची आई बिजलीबाई एकटीच उतरली.


तिनं फोटोकडे पाहिलं, खुर्चीवरचा हार उचलला आणि लेकाच्या फोटोला पुन्हा घातला.