पिशवीतलं ताट

बेटांवरच्या सहलीची तयारी मी पुण्यात बसून दोन महिने केली. बोट लागू नये म्हणून गोळ्या घेतल्या, भडक कपडे टाळले, बोट सुटायच्या आदल्या दिवशीच बंदरावर मुक्काम ठेवला. लोकांचं जे जे चुकतं, ते सगळं वाचून काढलं होतं.

आईला न्यायला पांढरकवड्याला गेले, तर तिच्या पिशवीत स्टीलचं ताट आणि पळी. "आई, बोटीवर ताटं भेटतात," म्हणत मी दोन्ही बाहेर काढली. तिनं गुपचूप परत ठेवली.

पक्ष्यांच्या बेटावर उतरलो. गाइडनं हळूच बजावलं, आता आवाज नको. आमची रांग झाडीत शिरली आणि मागून ताट दणादण वाजायला लागलं. सगळे पक्षी भुर्रकन उडाले. गाइडनं कपाळाला हात लावला.

"आई, आपण पाखरं पाहाले आलो, हाकलाले नाही!" मी ओरडलेच.

ती ओशाळली. "झाडी दिसली का हात आपोआप चालते, बाई. आपल्या वावरात चार बाया सोबत घेतल्याबिगर, ताट वाजवल्याबिगर जाता येते का आता? इथं वाघ नाही?"

"नाही."

तिनं गाइडलाही विचारून खात्री केली. मग ताट-पळी माझ्या हातात दिली.

"मंग तुम्ही सारे इथंच थांबा. मले जरा एकटीनं चालून पाहू दे."