उजव्या बाजूने

बायको वारल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा हिलालआप्पा तिच्या घोडीला, लाखीला, भिजवलेले हरभरे चारत होते. फोन ठेवला तरी त्यांचा हात तसाच पुढे राहिला आणि घोडी तो चाटत राहिली.

पुढे तीन महिने लाखीने कुणालाही पायाला हात लावू दिला नाही. खुरांत शेणमाती साचली, ती लंगडू लागली. तेव्हा आप्पा तिला तापीकाठच्या घोडेवाल्यांच्या मेळाव्यात घेऊन गेले. तिथे खूर साफ करायला हाताला धरून शिकवत होते.

"घोड्याजवळ नेहमी डावीकडून जायचं, आप्पा," नालबंद रज्जाकभाई म्हणाले.

आप्पा डावीकडून गेले. लाखीने लाथ झाडली आणि आप्पा मागच्या मागे शेणात बसले.

"आप्पा, शेण काढायचं होतं, अंगाला लावायचं नव्हतं!" कुणीतरी ओरडले.

आप्पा तसेच बसून राहिले. नदीवर धुके होते. त्यातून बायको घमेले घेऊन आल्यासारखी वाटली, आणि घोडीच्या उजव्या अंगाला वाकली. डावखुरी होती ती. घोडीचे सगळे ती त्याच बाजूने करायची, वर बसायचीही तिकडूनच.

आप्पा उठून उजवीकडे गेले. "दे बाय," ते तिच्यासारखेच म्हणाले. लाखीने पाय उचलून त्यांच्या हातात दिला.

"हिला उलटं कुणी शिकवलं?" रज्जाकभाईंनी विचारले.

"मालकिणीनं."

चारही खूर साफ झाले. त्या बाजूने घोडीवर बसायला मात्र आप्पा अजून शिकलेले नाहीत.