वाढत्या अंगाचे झगे

लढाई संपलेल्या अल्जीरियातल्या अनाथ मुलींसाठी कुवेतच्या बाजारात कापड गोळा झालं. चाळीस झगे फुकटात शिवायला महबूब दर्जी पुढं झाला. त्यानं मापापलीकडं चार बोटं सोडून खडूची रेघ ओढली, तसा दुकानाचा मालक कमालशेठ भडकला. "आत दुमडायला एवढं कापड सोडतोस? बेतानं काप, पन्नास निघतील! पेपरात फोटो येईल." महबूबनं कात्री खाली आपटली. "शेठ, शाळेत मलाही खैरातीचा सदरा मिळालेला. वर्षात बेंबी उघडी पडली, अख्खा मोहल्ला हसला. रत्नागिरीत तुमची आईसुद्धा ईदचा कपडा वाढत्या अंगाचाच शिवायची ना?" "खैरातीला कसली ईद?" "लढाईनं पोरींचे बाप खाल्ले. आता त्यांनी वाढायचंही नाही? दुसरा दर्जी बघा!" मग शेठनं स्वतःचा तागा पुढ्यात टाकला. "वरचे दहा यातून काप." महबूबनं यावेळी पाच बोटं सोडली.