दहा वर्षं पुरेत

बारा वाजायला सहा मिनिटं उरली होती. बाराला कंपनी जुन्या हृदयपंपांना चालवणारी प्रणाली कायमची बंद करणार होती, आणि बाबांच्या छातीत तसाच पंप होता. नवा पंप इस्पितळात दोनला पोचणार होता.

"मागच्या वर्षी बदलला म्हणालात ना?" मृण्मयीने विचारलं.

"ऑपरेशनला घाबरलो गं. पण कंपनी तुझीच ना? दोन तास थांबा म्हणावं."

सकाळपासून ती कंपनीला फोनवर तेच सांगत होती. पण जुने पंप किती वर्षं चालवायचे, हा नियम तिनेच लिहिला होता: दहा वर्षं पुरेत, अपवाद नाही.

"माझ्यासारखे किती उरलेत गं?"

"एकतीस."

"मग बाकीच्या तीस जणांना कुणी सांगितलंय का?"

मृण्मयीने त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाठ केली.