मैत्रिणीबरोबरचा फोटो

शनिवार पेठेतली नम्रता घरी ‘मैत्रिणीबरोबर जाते’ असं सांगून एकटीच गाडी घेऊन निघाली. बाई एकटी भटकली की घराण्याचं नाक कापलं जातं ना! नवरा गोव्यात चार दिवस लोळून आला, तेव्हा ते शाबूत होतं. ताम्हिणीच्या धबधब्यांत मनसोक्त भिजून ती महाडजवळच्या गरम पाण्याच्या कुंडापाशी पोचते न पोचते, तोच नवऱ्याचा मेसेज आला: ‘मैत्रिणीबरोबरचा फोटो टाक. आईला शंका येतेय.’

कुंडात पाय सोडून एक अनोळखी बाई एकटीच बसली होती. नम्रतानं लाज गुंडाळून ठेवली, तिला खरं काय ते सांगितलं आणि विचारलं, “ताई, एक सेल्फी काढू या?”



“काढू की. पण थांबा, अजून एक बाई शोधू. मी घरी ‘तिघी चाललोय’ म्हणून सांगितलंय.”